खोली सोडा म्हटल्यावर

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



वर्धापन दिनाच्या सभेत थोरामोठ्यांची व्याख्याने होतात. आम्ही वक्ते नव्हेत. आम्ही दोघे नवरा-बायको, दोन मुलांचे आई-बाप, आणि गेली अनेक वर्षे भाड्याच्या खोलीत राहणारे. समितीने सांगितले की यंदा संसारातल्या एखाद्या प्रश्नावर बोला. तेव्हा हे भाषण आम्ही दोघांनी मिळून लिहून काढले. वाचणारा एक असला तरी बोल दोघांचे आहेत, असे समजून घ्यावे.

विषय साधा आहे. मालक म्हणतो, “खोली खाली करा.” पदरात शाळेत जाणारी मुले आहेत. अशा वेळी आई-बापांनी काय करावे?

या सभागृहात बसलेल्यांपैकी किती घरांत अकरा महिन्यांचा करार आहे, याची मोजदाद करायची गरज नाही. ज्याचे त्याला माहीत आहे. दहावा महिना लागला की छातीत धडधडते. मालक भाडे वाढवणार की नाही म्हणणार? अनामत परत देणार की रंगाच्या नावाखाली कापणार? बाई धुणे धुता धुता हाच विचार करते आणि पुरुष कामावर जाता जाता हाच विचार करतो. पण शेजारी विचारले, “काय, बरं आहे ना?” तर दोघेही म्हणतात, “हो, बरं आहे.” खरे दुखणे इथेच आहे.

आजारपण आले तर आपण सांगतो. नोकरी गेली तरी दोन दिवसांनी का होईना सांगतो. पण मालकाने खोली सोडायला सांगितले, ही गोष्ट आपण चोरून ठेवतो. दार लावून कुजबुजतो. कोर्टाचा कागद आला तर गादीखाली सरकवतो. लोक काय म्हणतील? भाडे थकवले म्हणतील, भांडखोर म्हणतील, यांना कुणी ठेवून घेत नाही म्हणतील. बंधू-भगिनींनो, ही लाज फार महाग पडते. कारण कायदा दिवस मोजतो आणि लाज दिवस खाते. आमच्या सगळ्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचे उदाहरण सांगतो, नाव सांगत नाही. करार संपला होता. मालकाने अर्ज केला आणि समन्स आले. घरच्या कर्त्या माणसाने ते ट्रंकेत टाकले. बायकोलासुद्धा सांगितले नाही. म्हणणे मांडायला मुदत होती तीस दिवसांची. ती ट्रंकेतच सरली. पुढे एके दिवशी ताबा घ्यायला माणसे आली तेव्हा मुले शाळेतून येऊन जेवायला बसली होती. ताटे तशीच उचलून बाहेर ठेवावी लागली. त्या माणसाने पैसे बुडवले नव्हते, कुणाशी भांडणही केले नव्हते. तो फक्त लाजला होता.

म्हणून पहिली गोष्ट ही की, आपण कोणत्या प्रकारे भाड्याने राहतो ते आजच, काही बिनसण्याच्या आधीच, जाणून घ्या. आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याआधी 1947 चा मुंबईचा भाडे कायदा होता. या कायद्याखाली ढोबळमानाने दोन प्रकारची माणसे येतात. एक जुना भाडेकरू. पागडीवाला, चाळीतला, ज्याच्या नावाने वर्षानुवर्षे भाडेपावती फाटते तो. दुसरा लिव्ह अँड लायसन्सवाला, म्हणजे अकरा महिन्यांच्या करारावरचा. दोघांनाही आपण ‘भाडोत्री’च म्हणतो, पण दोघांचे हक्क सारखे नाहीत. एकाचा हक्क दुसऱ्याने सांगू नये आणि एकाची भीती दुसऱ्याने बाळगू नये.

जुन्या भाडेकरूचे पाहू. भाडे थकले म्हणून मालकाला लगेच दावा लावता येत नाही. आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि नोटिशीनंतर नव्वद दिवस थांबावे लागते. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत थकलेली रक्कम द.सा.द.शे. पंधरा टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च यांसह कोर्टात भरली, आणि निकाल लागेपर्यंत पुढचे भाडे भरत राहिले, तर थकबाकीच्या कारणावरून बाहेर काढता येत नाही. मालकाला स्वतःला राहायला जागा हवी असेल तर त्याला ती गरज खरी असल्याचे कोर्टाला पटवावे लागते. एवढ्यानेही भागत नाही. जागा सोडायला लावल्याने जास्त हाल कुणाचे होतील, मालकाचे की भाडेकरूचे, हे कोर्ट तोलून पाहते. मुलांची शाळा, म्हातारी माणसे, दुसरी जागा मिळण्याची शक्यता, ही आपली बाजू तिथे पुराव्यासह मांडता येते. पण मांडायला हजर तर राहिले पाहिजे! भाड्याची लेखी पावती मागणे हाही हक्कच आहे. “आमचा विश्वास आहे हो मालकावर” असे म्हणून पावती न घेणाऱ्याचा विश्वास कोर्टात दाखवता येत नाही.

आता लिव्ह अँड लायसन्स. इथे खरे बोलले पाहिजे. करार संपला की राहण्याचा हक्क संपतो. “आमची मुले शाळेत आहेत” हे कारण माणुसकीचे आहे, कायद्याचे नाही. मुदत संपूनही खोली सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकारी नावाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करतो आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र करून, आम्हाला बाजू मांडायची आहे अशी परवानगी घ्यावी लागते. ती घेतली नाही तर मालकाचे म्हणणे आपण कबूल केले असे धरून हुकूम होतो. मघाशी सांगितलेल्या कुटुंबाचे हेच झाले.

पण हेही लक्षात ठेवा की, करार संपला तरी मालकाने स्वतः येऊन सामान फेकायचे नसते. त्याने अर्ज करायचा, हुकूम मिळवायचा, मग ताबा घ्यायचा. आपण बाजारात गेलो असताना बाहेरून कुलूप ठोकणे, चार दांडगे आणून मुलांना दमात घेणे हा कायद्याचा मार्ग नव्हे. भाडेकरूचे पाणी, वीज, जिन्यावरचा दिवा, सफाई बंद करायला मालकाला कायद्याने मनाई आहे. कायद्याचा मार्ग सोडून कुणी आपल्याला जागेतून हुसकावले, तर 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत जागा परत मिळण्यासाठी दावा करण्याची सोय आहे. पुन्हा पाहा, सहा महिने. कायदा दिवस मोजतो, असे म्हणतो ते यासाठीच.

“वकील कुठून आणायचा? त्याची फी कोण देणार?” हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातीची माणसे यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. आणि 1990 साली घटनेखालच्या अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाल्यापासून, अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचाही त्यात समावेश आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते आणि तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. 15100 हा त्यांचा फोन नंबर. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. भिंतीवर कॅलेंडर असेल तर कॅलेंडरवर लिहा.

आता आमच्यावर बेतले ते सांगतो. 2017 चा डिसेंबर होता. आमचा करार 1 मार्च 2017 पासून 31 जानेवारी 2018 पर्यंत, भाडे साडेपाच हजार, अनामत चाळीस हजार. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मालक दारात आले. “पंधरा तारखेपर्यंत खोली खाली करा. दुसरं गिऱ्हाईक आलंय, जास्त देतंय.” आम्ही म्हटले, “काका, करार तर जानेवारीपर्यंत आहे.” ते म्हणाले, “करार बिरार मला सांगू नका. सामान बाहेर काढायला मला वेळ लागायचा नाही.” मुलगा पाढे म्हणत होता, तो मध्येच थांबला.

त्याच संध्याकाळी आम्ही विहारात आलो आणि महिला मंडळाच्या वयस्कर ताईंना सारे सांगितले. त्या म्हणाल्या, “रडू नका. करार कुठं आहे? आधी तो काढा.” दुसऱ्या दिवशी त्या आमच्याबरोबर कोर्टातल्या विधी सेवा समितीत आल्या. तिथल्या वकीलबाईंनी करार ओळ अन् ओळ वाचला. त्यांनी सांगितले ते आमच्या कायमचे लक्षात राहिले. त्या म्हणाल्या, “करार मोडायचा तर एक महिन्याची लेखी नोटीस, असं यात लिहिलंय. तोंडी सांगितलेलं चालत नाही. 31 जानेवारीपर्यंत तुमचा हक्क आहे. त्याच्यापुढं तुमचा हक्क नाही, तिथून पुढं विनंती आहे. हक्काच्या जागी विनंती करू नका आणि विनंतीच्या जागी भांडू नका.”

आम्ही तसेच वागलो. मालकांना लेखी पत्र दिले. मुदतीपर्यंत आम्ही राहू, दरमहा भाडे वेळेवर देऊ, असे त्यात लिहिले. आणि मग हात जोडून बोलणी केली. मुलांची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये आहे, तोवर राहू द्या, तीन महिने हजार रुपये जास्त देतो. मालक आधी नाही म्हणाले. वकीलबाईंचे एक पत्र गेले, ताई आणि समितीचे दोन कार्यकर्ते जाऊन बसले, चहा झाला, मग हो म्हणाले. तीन महिन्यांचा वाढीव करार रीतसर नोंदवला. चावी देण्याच्या दिवशीच अनामत परत द्यायची, हे त्यात घातले. तीन हजार रुपये जास्त गेले, पण मुलांचे वर्ष वाचले. आमच्या मते हा सौदा स्वस्तात झाला.

या दिवसांत आम्हाला जड गेले ते कोर्ट नव्हे, पैसाही नव्हे. जड गेले ते मुलांचे प्रश्न. मुलाने विचारले, “आपण काही चोरी केली का?” मुलगी काही विचारत नव्हती. चार दिवसांनी क्लासच्या बाईंचा निरोप आला की मुलगी क्लासला येणार नाही म्हणते. तिला जवळ घेऊन विचारले तेव्हा ती म्हणाली, “माझ्या फीमुळे भाडं कमी पडतंय ना?” पाहा! आपल्याला वाटते मुलांना कळत नाही. मुलांना अर्धे कळते, आणि उरलेल्या अर्ध्या जागी मूल स्वतःचा दोष भरते.

म्हणून आम्ही ठरवले की मुलांपासून लपवायचे नाही. रात्री जेवण झाल्यावर दोघांना समोर बसवले आणि चार गोष्टी सांगितल्या. खोली मालकाची आहे, त्याला ती परत हवी आहे, यात आपल्यापैकी कुणाचाही गुन्हा नाही. आपण अमुक तारखेपर्यंत इथेच आहोत, कुणी येऊन आज-उद्या बाहेर काढणार नाही. शाळा बदलणार नाही. आणि जिथे जाऊ तिथे चौघे एकत्रच जाऊ. चौथी गोष्ट ऐकल्यावर मुलगा झोपी गेला. मोठ्यांना तारखा पाहिजे असतात, लहानांना एवढेच पाहिजे असते. त्यानंतर मालकांशी बोलणे मुलांसमोर करायचे नाही, हा नियम आम्ही पाळला. मूल बापाला कुणासमोर गयावया करताना पाहते, ते विसरत नाही.

आता दुसरी खोली शोधण्याचा भाग. हा भाग या सभेत सांगायचा नाही तर कुठे सांगायचा? दलाल फोनवर आधी विचारतो, “आडनाव काय?” मग विचारतो, “खाणंपिणं कसं?” मग म्हणतो, “कळवतो.” एका बाईंनी खोली दाखवली, भाडे ठरले, मुलीला खिडकीतली जागा आवडली. अनामत द्यायला गेलो तेव्हा नाव लिहून घेताना त्यांचा हात थांबला. “आमच्या ह्यांना विचारते” म्हणाल्या. संध्याकाळी फोन आला, खोली गेली. मुलगी जवळच होती. रात्री तिने विचारले, “आई, आपण आडनाव बदललं तर?”

तेव्हा आम्ही तिला बडोद्याची हकीकत सांगितली. 1917 साली बाबासाहेब परदेशातून एवढे मोठे शिक्षण घेऊन आले आणि बडोदा संस्थानात नोकरीला रुजू झाले. शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात, पारशी नाव सांगून, ते राहिले. म्हणजे बेटा, तू म्हणतेस तो उपायही करून झालेला आहे. दहा-अकरा दिवसांनी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी त्यांच्या खोलीवर चालून आले. बाबासाहेबांनी आठवडाभराची मुदत मागितली. ती मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत जागा सोडा, असा दम दिला गेला. ओळखीच्या मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. बागेत बसून दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्या वेळी ते कुणाचे तरी बाप होते. यशवंतराव पाच वर्षांचेही नव्हते.

ही गोष्ट आपल्याला कुणी सांगितली? स्वतः बाबासाहेबांनी. त्यांनी ती पुढे आपल्या हाताने लिहून ठेवली. त्यांनी ती लपवली नाही, कारण लाज हाकलणाऱ्याची असते, हाकलल्या गेलेल्याची नसते. त्यानंतर परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांनी संसार आणि अभ्यास केला, आणि मग दादरला राजगृह बांधले. मुलीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मग माझं नाव आहे तेच राहू द्या.” पुढच्या आठवड्यात तिने स्वतः दलालाला फोनवर आडनाव सांगितले, अगदी स्पष्ट उच्चार करून. खोली मिळायला आणखी महिना गेला, पण मिळाली.

शाळेविषयी दोन शब्द. शक्यतो वर्षाच्या मध्यात शाळा बदलू नका. दोन बस बदलाव्या लागल्या तरी चालेल, एखादा नातेवाईक ठेवून घेत असेल तर त्याला विनंती करा. दहावीचे मूल असेल तर दुप्पट विचार करा. पण शाळा बदलावीच लागली तर घाबरू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा आहे आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा असतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही, आणि वर्ष सुरू होऊन गेले हेही कारण चालत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही परत पाठवता येत नाही. हे मुख्याध्यापकांना नम्रपणे सांगा, पण सांगा.

आणि कागदांची पिशवी! खोली बदलताना आपण आधी गॅस, कपाट, टीव्ही पाहतो. आधी कागद पाहा. जन्माचे दाखले, शाळेचे बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, करार, भाड्याच्या पावत्या, अनामत दिल्याचा पुरावा हे सगळे एका पिशवीत, आणि ती पिशवी टेम्पोत नाही, आईच्या हातात. त्यातही आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावचा उतारा, जुनी नोंद हे सोन्यासारखे जपा. आपल्या मुलांचा जातीचा दाखला काढताना 10 ऑगस्ट 1950 च्या आधी आपले पूर्वज या राज्यात राहात होते याचा पुरावा मागतात. खोली बदलताना एक जुनी ट्रंक हरवली आणि पुढे मुलीची शिष्यवृत्ती अडली, असे आपल्याच वस्तीत घडले आहे. भांडी पुन्हा घेता येतात. पणजोबांचा दाखला पुन्हा कुठून आणायचा?

पैशाचे म्हणाल तर भगवान बुद्धांनी सिगालाला गृहस्थाचा धर्म सांगताना मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग खाण्या-वापरण्याला, दोन भाग कामधंद्याला, आणि चौथा भाग अडचणीच्या दिवसांसाठी. आपल्या मिळकतीत चौथा भाग निघतच नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण महिन्याला दोनशे रुपये ‘खोलीचे’ म्हणून वेगळे ठेवता आले तरी टेम्पोचे भाडे निघते. आणि सणासमारंभाला कर्ज काढणारे आपण, त्यातला थोडा हात आखडता घेतला तर अनामतीची सोय होते. यावर घरी बसून विचार व्हावा.

आता थोडे आपल्यातल्या मालकांविषयी. रागावू नका. आपल्यापैकी काहींनी वरचा माळा चढवला आहे, एखादी खोली भाड्याने दिली आहे. ते चांगलेच आहे. पण करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, हे माहीत असू द्या. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, आणि अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे खोटे ठरवता आले नाही तर तेच खरे धरले जाते. कायदा राहू द्या बाजूला. जो माणूस स्वतः ‘कळवतो’ हे उत्तर ऐकून परत फिरला आहे, त्याने दुसऱ्याला ते उत्तर देऊ नये. खोली परत हवी असेल तर मे महिन्यात मागा, डिसेंबरात नको. मालकाला चार महिने फार नसतात, मुलाला ते अख्खे वर्ष असते.

शेवटी विहार समितीकडे आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, विहारात एक वही ठेवावी. कुणाची खोली रिकामी होणार आहे, कुणाला खोली पाहिजे आहे, याची नोंद तीत व्हावी. दलालाला एका महिन्याचे भाडे आणि आपले आडनाव, दोन्ही कशाला द्यायचे? दुसरी, महिन्यातून एका रविवारी आपल्यातल्या वकिलीचे शिक्षण घेतलेल्या मुला-मुलींनी तास-दोन तास इथे बसावे. कागद वाचून दाखवणे, तारीख समजावून सांगणे, एवढे केले तरी पुष्कळ झाले. तिसरी, ज्या घरावर अशी वेळ आली आहे त्या घरच्या मुलांना संध्याकाळी अभ्यासाला विहाराचे सभागृह उघडे असावे. चावी कुणाकडे आहे ते मुलांना माहीत असावे. घराचे ठिकाण बदलले तरी अभ्यासाची जागा बदलली नाही, तर मूल पुष्कळ सोसते.

आणि तुमच्याकडे एकच मागणे. पुढच्या वेळी दारात मालक उभा राहिला किंवा पोस्टमनने लांब लिफाफा दिला, तर तो त्याच दिवशी उघडा. त्याच दिवशी नवऱ्याने बायकोला सांगा, बायकोने नवऱ्याला सांगा. दुसऱ्या दिवशी विहारात येऊन सांगा. भाडे थकले असेल तर तेही सांगा, कारण थकलेल्या भाड्यालाही नव्वद दिवसांची वाट आहे. मुलांना त्यांच्या वयाला पेलेल एवढे खरे सांगा. चार भिंती मालकाच्या असतील. त्या भिंतींच्या आत मुलाला वाटणारा आई-बापाचा भरवसा मालकाचा नसतो, तो कुणाला खाली करून देऊ नका.



जयभीम! नमो बुद्धाय!